खोक्यातून निघालेली स्कूटर अजून पुरी झालेली नसते

पत्र: «काका, मी दवाखान्यात पाळीवर काम करते. रात्री सुटल्यावर घरी यायला काही मिळत नाही, म्हणून साठवलेल्या पैशांतून बाहेरदेशी बनलेली ५० सीसीची नवी स्कूटर मागवली. ती लोखंडी चौकटीत, खोक्यात बांधून घरी आली आहे. विक्रेता म्हणाला, पुढचं चाक, हँडल आणि बॅटरी लावा, तासाभरात गाडी रस्त्यावर. माझा धाकटा भाऊ सायकली दुरुस्त करतो, एवढीच आमची माहिती. ओळखीचे म्हणतात भंगार घेतलंस, सहा महिन्यांत खुळखुळा होईल. खरं काय? सोमवारपासून कामावर नेता येईल का? आणि भाऊ म्हणतो, वेग अडवणारी एक चकती आत असते, ती जोडतानाच काढून टाकू. काढू का?»

सोमवारचा प्रश्न आधी संपवतो. या सोमवारी नको. आज जशी जातेस तशीच जा आणि दोघांनाही सुटी असेल असे सलग दोन दिवस शोध.

तासाभरात चाक, हँडल आणि बॅटरी लागते, यात खोटं काही नाही. पण अशी गाडी जेव्हा दुकानातून विकली जाते तेव्हा खोकं उघडल्यावर मेकॅनिक तिचा एकेक नट तपासतो, तेल बदलतो, टॅपेट, म्हणजे इंजिनातल्या झडपांजवळची बारीक फट, बघतो, ब्रेक नीट जुळवतो, फेरी मारून येतो आणि मग गिऱ्हाइकाच्या हातात चावी देतो. कारखाना हे काम पुढे होणार असं धरूनच गाडी खोक्यात बांधतो. तुला ती स्वस्त पडली त्यात या न झालेल्या कामाचा मोठा वाटा आहे. ते काम आता तुम्हा दोघांकडे आलं आहे. ते केलंत तर ही गाडी तुला रात्री-अपरात्री घरी आणेल असं मी मनापासून सांगतो. केलं नाहीत तर ओळखीच्यांचे सहा महिनेसुद्धा जास्त ठरतील.

माझ्या भाच्यासाठी अशी पहिली गाडी मी जोडली तेव्हा हे मला कळलं नव्हतं. चाक लावलं, हँडल सरळ केलं, मी लावलेला प्रत्येक नट नीट आवळला आणि गाडी त्याच्या ताब्यात दिली. चौथ्या दिवशी तो म्हणाला, पुढचा ब्रेक दाबला की टक्क असा आवाज येतो. पाहिलं तर कॅलिपरच्या, म्हणजे डिस्कला चिमटा घेणाऱ्या ब्रेकच्या पकडीच्या, दोन बोल्टांपैकी एक गळून पडलेला आणि दुसरा बोटांनी फिरत होता. मी लावलेलं सगळं जागेवर होतं. कारखान्याने लावलेल्याला मी हातच लावला नव्हता. त्या दिवशी तो सावकाश चालवत होता म्हणून निभावलं. तेव्हापासून आधीच लावलेला बोल्ट हा माझ्या लेखी न लावलेला बोल्ट.

भंगाराचं उत्तरही इथेच देतो. इंजिनावर कोरलेला नंबर बघ. तो १३९ क्यूएमबी अशा अक्षरांनी सुरू होत असेल तर निश्चिंत राहा. पहिला १ म्हणजे एक सिलिंडर, ३९ म्हणजे त्याचा ३९ मिलिमीटर व्यास, क्यू म्हणजे पंख्याच्या हवेने थंड होणारं. मूळ आराखडा होंडाच्या जुन्या जीवाय ६ इंजिनाचा. चीन आणि तैवानमध्ये अनेक कारखाने वर्षानुवर्षं हेच इंजिन बनवत आले आहेत, त्यामुळे गाडीवर नाव कुणाचंही असो, बेल्ट, रोलर, कार्बोरेटर, गॅस्केट बहुतेक एकमेकांना चालतात. आराखडा दणकट आहे. काटकसर होते ती भोवतालच्या गोष्टींत: रबराच्या नळ्या, टायरचे व्हॉल्व्ह, बॅटरी, बोल्टांचं पोलाद, वायरींचे जोड. म्हणजे जे बिघडतं ते स्वस्तात बदलता येतं, आणि ही फार मोठी सोय आहे.

खोकं फाडण्याआधी चारी बाजूंनी फोटो काढ. मग चासीवरचा १७ अक्षरांचा नंबर आणि इंजिनाचा नंबर कागदांशी ताडून पाहा. एक अक्षर जरी चुकलं असेल तरी पाना हातात घेऊ नकोस. आधी विक्रेत्याकडून कागद दुरुस्त करून घे, कारण नोंदणीच होणार नसेल तर पुढची सगळी मेहनत वाया. नोंदणी आणि विमा होईपर्यंत गाडी रस्त्यावर न्यायची नाही.

हत्यारं फार लागत नाहीत. ८, १०, १२, १४ आणि १७ चे बॉक्स पाने, मागच्या चाकाच्या नटाला बसेल असा मोठा पाना, बारीक फट मोजायच्या पातळ पात्यांचं फीलर गेज, साधा मल्टिमीटर. एक वस्तू मात्र उसनी आणावी लागली तरी आण: टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेल्या ताकदीलाच आवळायचा पाना. भावाचा हात सायकलीवर बसलेला आहे, पण इथे इंजिनाचं अंग मऊ अ‍ॅल्युमिनियमचं आहे आणि त्यातले आटे गेले की दुरुस्ती महाग पडते. ६ मिलिमीटर जाडीच्या बोल्टाला १० न्यूटन-मीटर पुरतात, ८ मिलिमीटरच्याला २० ते २५. पुस्तिकेत वेगळा आकडा दिला असेल तर तोच खरा. सोबत निळं थ्रेडलॉकर (बोल्ट सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावायचा डिंक), ब्रेक क्लीनर, इंजिन ऑइल, गिअर ऑइल, चांगल्या प्रतीची पेट्रोलची नळी, क्लिपा आणि पेट्रोल फिल्टर आणून ठेव.

पहिल्या दिवशी पहिलं काम बॅटरीचं, कारण तिला वेळ लागतो. बहुधा ती कोरडी असेल आणि अ‍ॅसिडच्या बाटल्यांची पट्टी वेगळी आली असेल. चष्मा आणि हातमोजे घाल, जवळ पाणी ठेव आणि हे काम गाडीबाहेर, मोकळ्या हवेत कर. पट्टीवरचं सील फोडू नकोस. ती उलटी करून बॅटरीच्या तोंडांवर सरळ दाबली की आपोआप फुटते. बाटल्या पूर्ण रिकाम्या होईपर्यंत हलवू नकोस, नंतर आणखी तासभर बॅटरी तशीच राहू दे आणि मग झाकणपट्टी दाबून बसव. ती पुन्हा कधी उघडायची नाही. त्यानंतर हळू चार्जिंग, क्षमतेच्या एक दशांश करंटने: ४ अँपिअर-अवरची बॅटरी असेल तर ०.४ अँपिअर. अ‍ॅसिड भरलं की सेल्फ लागतो, म्हणून बरेच जण चार्जिंग टाळतात. अशी बॅटरी पूर्ण ताकदीला कधीच येत नाही आणि पहिल्याच थंडीत दगा देते. भरलेली, सीलबंद बॅटरी आली असेल तर नुसता व्होल्टेज बघ आणि १२.६ च्या खाली असेल तर चार्ज कर.

बॅटरी चार्जिंगला लागली की पुढचं चाक. चाक आणि डिस्क बाहेर असताना ब्रेकचा लिव्हर दाबायचा नाही, भावालाही बजावून ठेव. दाबला की पॅड एकमेकांना चिकटतात आणि डिस्क आत जाईनाशी होते. डिस्कवर गंज लागू नये म्हणून तेलाचा थर दिलेला असतो, तो ब्रेक क्लीनरने पुसून काढ, नाहीतर नवे पॅड तेल पितात. टायरवरचा बाण पुढे फिरण्याच्या दिशेला हवा. चाकाच्या एका बाजूला स्पीडोमीटरचा डबा असतो. त्याचे दोन कान हबच्या खाचांत बसलेत हे बोटांनी चाचपून मगच चाकाचा दांडा म्हणजे अ‍ॅक्सल आवळ, तसंच आवळलं तर कान मोडतात आणि काटा कायमचा शून्यावर. कारखान्यातून अ‍ॅक्सल बऱ्याचदा चौकटीला धरून ठेवण्यासाठीच वापरलेला असतो, तेव्हा काढताना कुठला स्पेसर (दांड्यावरची नळीसारखी कडी) कुठल्या बाजूला होता त्याचा फोटो घे.

मग तो भाग, ज्यासाठी मी दोन दिवस मागतोय. गाडी डबल स्टँडवर लाव आणि पुढून मागे जात प्रत्येक बोल्टाला हात लाव. कॅलिपरचे बोल्ट एकेक करून पूर्ण बाहेर काढ, आटे पुसून एक थेंब थ्रेडलॉकर लाव आणि टॉर्कने बसव. हेच हँडलच्या क्लँपला, मागच्या शॉकअबच्या बोल्टांना, इंजिन चासीला धरणाऱ्या बोल्टांना, स्टँडच्या बोल्टांना आणि सायलेन्सरला मागे धरून ठेवणाऱ्या बोल्टांना. एका वेळी एकच काढायचा, दोन नाही. सायलेन्सर सिलिंडर हेडला जिथे लागतो तिथले दोन नट गाडी एकदा तापून थंड झाल्यावर पुन्हा बघायचे, कारण गॅस्केट दबतं आणि ते सैल होतात. तिथून हवा ओढली गेली की अ‍ॅक्सिलरेटर सोडताना फटफट आवाज येतो आणि माणसं उगाच कार्बोरेटर उघडत बसतात. मागच्या चाकाच्या मोठ्या नटाला १०० न्यूटन-मीटरच्या वर ताकद लागते. एकाने मागचा ब्रेक धरायचा, दुसऱ्याने आवळायचा. चाकांच्या नटांना आतून नायलॉनची कडी असते, तिथे थ्रेडलॉकर नको. ब्रेकच्या नळीच्या बोल्टालाही नको. आणि प्लॅस्टिकजवळ तर अजिबात नको, कारण त्याच्या स्पर्शाने ते तडकतं.

आवळलेल्या प्रत्येक बोल्टावर नेलपॉलिशची एक रेघ ओढ, अर्धी बोल्टावर आणि अर्धी शेजारच्या धातूवर. पुढे कधीही नुसत्या नजरेने कळतं की रेघ तुटली, म्हणजे बोल्ट फिरला. दर आठवड्याला दोन मिनिटांची ही पाहणी मी आजही करतो.

हँडल डावीकडे-उजवीकडे पूर्ण वळवून बघ. अडखळत असेल तर बेअरिंग जास्त आवळलंय. पुढचं चाक उचलून खालून पुढे-मागे हलवल्यावर खडखडत असेल तर सैल आहे. मागच्या ब्रेकची केबल अशी लाव की लिव्हर एक-दोन सेंटिमीटर मोकळा यावा आणि मग धरावा. लाइट, हॉर्न, आरसे याबद्दल लिहीत नाही, ते तुम्हाला दिसेलच. टायरमध्ये हवा भरताना व्हॉल्व्हचं रबर वाकवून मुळाशी चिरा आहेत का बघ. असतील तर दोन्ही चाकांचे व्हॉल्व्ह आताच बदल.

पेट्रोल अजून घातलं नाहीयेस ना? छान. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत जाणारी नळी आणि पेट्रोल कॉकला इंजिनाकडून येणारी व्हॅक्यूमची बारीक नळी, दोन्ही काढून टाक आणि तेवढ्याच आतल्या मापाच्या, पेट्रोलसाठी बनवलेल्या नळ्या घाल. नमुन्याला जुना तुकडा सोबत ने. फिल्टरवरचा बाण कार्बोरेटरकडे. गाडीसोबत आलेल्या नळ्या इंजिनाच्या उष्णतेने काही महिन्यांत कडक होऊन चिरतात, आणि तापलेल्या इंजिनावर पेट्रोल ठिबकणं म्हणजे काय हे तुला सांगायला नको. या गाडीत इतकं स्वस्त आणि इतकं महत्त्वाचं दुसरं काम नाही.

तेल. आत जे भरून आलंय ते प्रवासापुरतं समज आणि सुरू करण्याआधीच काढून टाक. खालचं मोठं झाकण उघडलं की स्प्रिंग आणि जाळी बाहेर पडते, ती हरवू देऊ नकोस. वेगळा ऑइल फिल्टर या इंजिनाला नाही, ती जाळीच काय ते गाळते. झाकण परत बसवताना आधी बोटांनी पूर्ण फिरव आणि शेवटी पाना लाव, इथले आटे गेलेली कितीतरी इंजिनं मी पाहिली आहेत. नवं तेल पुस्तिकेत सांगितलेल्या ग्रेडचं, बहुधा १०डब्ल्यू-४०. माप पाऊण लिटरच्या आसपास असतं. आधी थोडं कमी ओत आणि पट्टीवर बघत पुरं कर. मागच्या गिअरचं तेल वेगळं, जेमतेम १०० ते १२० मिलिलिटर. तिथे आधी भरायचा बोल्ट सुटतो का ते बघ आणि मगच रिकामं करायचा बोल्ट खोल. उलट केलंस आणि वरचा अडकला तर गाडी कोरडी उभी राहील.

आता रात्र जाऊ दे. दुसऱ्या दिवशी सकाळी टॅपेट, कारण इंजिन पूर्ण थंड असताना मोजलेली फटच खरी. प्लग काढ म्हणजे इंजिन हलकं फिरतं. हेडचं झाकण चार बोल्टांचं. पंख्यामागच्या फ्लायव्हीलवर टी ही खूण आहे, ती इंजिनाच्या अंगावरच्या खुणेसमोर आण आणि कॅमच्या गिअरकडे बघ: दोन बारीक भोकं हेडच्या कडेशी समांतर आणि मोठं भोक बाहेरच्या बाजूला, म्हणजे जागा बरोबर. मोठं भोक आत गेलं असेल तर आणखी एक पूर्ण फेरा फिरव. आता दोन्ही रॉकर (झडपा दाबणारे छोटे हात) किंचित हलले पाहिजेत. ५० सीसीच्या या इंजिनाला बहुतेक पुस्तिका ०.०५ ते ०.१० मिलिमीटरची फट सांगतात. फीलरची पाती थोडी घासत सरकली पाहिजे, अडकता कामा नये आणि सैलही जाता कामा नये. सायकलीचे हब लावलेल्या तुझ्या भावाला हा अंदाज पटकन येईल, हे काम त्यालाच दे. स्क्रू धरून नट आवळायचा आणि आवळल्यावर परत मोजायचं, कारण आवळताना फट बदलते. फट कमी पडली तर झडप नीट मिटत नाही, दाब निघून जातो आणि गाडी सकाळी सुरू होईना होते. अशा गाड्यांचे नवे कार्बोरेटर आणि प्लग घेऊन हैराण झालेले लोक माझ्याकडे येतात, आणि निम्म्या वेळा दुखणं इथेच असतं. नवीन इंजिनात झडपा बसत जातात तशी फट कमी होते, म्हणून हेच काम ५०० किलोमीटरनंतर पुन्हा करायचं.

बॅटरी लावताना आधी धन आणि शेवटी ऋण. गाडी बाहेर मोकळ्यावर, डबल स्टँडवर, मागचं चाक अधांतरी. सेल्फ लागायला ब्रेकचा लिव्हर दाबलेला असावा लागतो, तो विसरून गाडी बंद आहे असं समजू नकोस. पेट्रोल कॉक इंजिनाच्या व्हॅक्यूमवर उघडतो, त्यामुळे पहिल्या वेळी पेट्रोल पोचायला वेळ लागतो. सेल्फ पाच-सात सेकंद मार, अर्धा मिनिट थांब, परत मार. किकही आहेच. सुरू झाली की चोक आपोआप हळूहळू सुटतो, चार-पाच मिनिटं तिला स्वतःची लय सापडू दे. तेवढ्यात हँडल दोन्ही टोकांना वळवून आवाज ऐक. वळवताना इंजिनाचा वेग वाढला तर अ‍ॅक्सिलरेटरची केबल ताणली जाते आहे, ती तशी ठेवून कधीच निघायचं नाही. मल्टिमीटर बॅटरीवर धर: किंचित अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर व्होल्टेज १३.५ ते १४.८ च्या मध्ये यायला हवा. न चढल्यास चार्जिंगच्या वायरींचे जोड आधी तपास.

पहिले काही दिवस घराजवळच, उजेडात चालव, आणि ब्रेक मोकळ्या जागी हळूहळू वाढत्या जोराने वीसेक वेळा लावून बसवून घे. रात्रपाळीला नेण्याआधी १०० किलोमीटर व्हायला हवेत. तेवढे झाले की तेल बदल. निघालेल्या तेलात चमचमणारी धातूची भुकटी दिसेल, घाबरू नकोस, नवं इंजिन घासून बसतं तेव्हा ती येते. पुढचं तेल ५०० ला आणि नंतर दर १,५०० किलोमीटरला. ५०० ला गिअरचं तेलही बदल. त्या काळात एकाच वेगाने लांबवर जायचं नाही आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण पिळून धरायचा नाही.

बेल्टचं झाकण अडीच-तीन हजार किलोमीटरला उघड. बेल्टवरच तीन आकडे छापलेले असतात. १० इंची चाकांच्या गाडीत बहुधा ६६९-१८-३० हा बेल्ट असतो: ६६९ लांबी, १८ रुंदी. रुंदी मिलिमीटरभराहून जास्त झिजली किंवा वाकवल्यावर चिरा दिसल्या तर बदलायचा. नवा बेल्ट आणि प्लग आधीच आणून सीटखाली ठेव, म्हणजे रात्री अडकायची वेळ येणार नाही.

राहिली भावाची चकती. तो म्हणतो ते खरं आहे, ५० सीसीच्या बऱ्याच गाड्यांत व्हेरिएटरच्या, म्हणजे बेल्टच्या पुढच्या पुलीच्या, दांड्यावर अशी कडी असते आणि ती काढली की बेल्ट जास्त वर चढतो, वेग वाढतो. मी आत्ता काढू देणार नाही. इंजिन अजून बसलेलं नाही, ब्रेक आणि टायर त्याच वेगाच्या हिशेबाने दिलेले आहेत, आणि गाडीची नोंदणी ज्या वर्गात झाली आहे तो वर्ग वेगावरच ठरत असेल तर चकती काढताच तुझा परवाना आणि विमा दोन्ही अडचणीत येतील. रात्री एकटी परतणाऱ्या बहिणीची गाडी आहे ही. तुमच्याकडचा नियम काय म्हणतो ते त्याला स्वतः वाचायला सांग, आणि तोवर ते झाकण त्याने फक्त बेल्ट बघायला उघडावं.